फ्लेक्सवरची परकी बाई

माणसाचा खरा चेहरा फक्त काळालाच ओळखता येतो.

हे वाक्य मला ग्रामपंचायतीसमोरच्या चौकात स्टुलावर उभा असताना सुचलं. माझ्या दोन्ही हातांत फ्लेक्सची एकेक दोरी होती, तिसरी दातांत होती आणि चौथी कडुनिंबाच्या फांदीला बांधायची राहिली होती. वाक्य चांगलं होतं. पूर्वीचे दिवस असते तर त्यावर रविवारचं आख्खं सदर उभं केलं असतं. पण ते मनात नीट ठेवून देईपर्यंत खालून गंगव्वा आजींनी विचारलं,

"दादा, ही बाई कोण म्हणायची?"

मी मान मागं घेऊन फ्लेक्सकडे पाहिलं. दरवाजाएवढा चेहरा होता. गोरापान, गंभीर, हनुवटी वर, ओठ घट्ट मिटलेले. माझ्या चुलतभावाच्या बायकोचा, मालनवहिनींचा तो चेहरा आहे हे मला माहीत होतं, कारण फ्लेक्स तालुक्याहून मीच छापून आणला होता. तसं नसतं तर काळाचं काय ते काळानं बघून घेतलं असतं, मला काही ओळखता आला नसता.

"मालन मगदूम," मी दातातली दोरी काढून म्हणालो. "सरपंचपदाला उभ्या आहेत."

"कुठल्या गावच्या?"

"आपल्याच."

"मी तर कधी बघितली न्हाई बाई." आजी शेजारी स्टूल धरून उभ्या असलेल्या बाईकडे वळल्या. "काकू, तू बघितलीस का गं हिला कधी?"

स्टूल धरून मालनवहिनीच उभ्या होत्या.

स्टूल असं हललं की मी फांदीला धरून राहिलो. आजींना उत्तराची घाई नव्हती. "सांजच्याला दळण घिऊन येते गं," असं वहिनींना सांगून त्या गेल्यासुद्धा.

ही दहाएक वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा नुकताच निवृत्त होऊन गावी राहायला आलो होतो. आयुष्यभर एका दैनिकात दर आठवड्याला पुढाऱ्यांच्या टोप्या उडवण्याचं काम केलं. पुढाऱ्यांनी किंवा मी, कुणीच ते फारसं मनावर घेतलं नाही. पण गावात समजूत अशी, की ह्याला राजकारणातलं कळतं. त्यामुळं मी आमच्या बाजूचा प्रचारप्रमुख झालो. आमची बाजू म्हणजे उमेदवार मालनवहिनी, त्यांचे यजमान बाबगोंडा, ज्याला सगळं गाव आण्णा म्हणतं, आणि मी. सदस्यपदाला आणखी काही मंडळी होती, पण ती स्वतःच्याच प्रचारात असल्यामुळं फारशी भेटत नसत.

सरपंचपद त्या वर्षी महिलांसाठी राखीव झालं होतं. राखीव झालं म्हणजे आमच्याकडं नेमकं काय होतं, ते सर्जेराव निकमांचा फ्लेक्स बघितला की कळे. गावचा कारभार वर्षानुवर्षं सर्जेरावांकडं. त्यांनी पत्नीला, विजयमालाबाईंना, उभं केलं. फ्लेक्सवर सर्जेराव डोक्यापासून पायापर्यंत हात जोडून उभे, वर लहानमोठ्या नेत्यांची मुंडकी ओळीनं, आणि खाली कोपऱ्यात, पासपोर्टच्या फोटोएवढ्या चौकटीत, प्रत्यक्ष उमेदवार. विजयमालाबाईंना बघायचं तर जवळ जाऊन वाकावं लागे, आणि वाकलं की आधी सर्जेरावांचे बूट दिसत.

मालनवहिनींचा प्रकार वेगळा होता. त्यांची पिठाची गिरणी. मोटर सुरू करण्यापासून पट्टा चढवण्यापर्यंत सगळं त्या एकट्या बघत; आण्णा शेत बघे आणि त्यातून वेळ मिळाला की आकाश बघे. गिरणीत दिवसभर बाया दळण घेऊन यायच्या आणि पाळी येईपर्यंत बोलायच्या. कुणाच्या आळीत पाणी येत नाही, कुणाच्या पोरीची शाळा सुटली, कुणाचा नवरा कुठं जाऊन बसतो. "भाऊजी," उभं राहायचं ठरवलं त्या दिवशी वहिनी मला म्हणाल्या, "ऐकून ऐकून माझे कान काठोकाठ भरलेत. आता हे कुठंतरी रितं करायला पाहिजे. ग्रामपंचायतीत करते."

प्रचाराबद्दल त्यांच्या दोनच अटी होत्या. फ्लेक्सवर त्या एकट्या पाहिजेत. आणि फोटो त्या स्वतः काढणार.

पहिल्या अटीवर आण्णा खूष झाला. त्याला फ्लेक्सवर यायची हौस नव्हती. तशी कुठंच यायची नव्हती. दुसऱ्या अटीचं कारण मी विचारलं.

"दुसऱ्यानं काढला की मी निघतच नाही फोटोत," वहिनी म्हणाल्या. "निघते ती कुणी भलतीच. लग्नातल्या फोटोत डोळे मिटलेत. पोराच्या मुंजीत तोंड उघडंय. आधार कार्डावर जी बाई आहे ना, ती दारात आली तर मी तिला तांब्याभर पाणीसुद्धा देणार नाही."

मग एका दुपारी गिरणी बंद ठेवून त्यांनी डोक्यावरून अंघोळ केली. इरकली नेसल्या, नथ घातली, पावडर लावली, आणि मागच्या खोलीत पांढऱ्या भिंतीला पाठ लावून फोन हातभर लांब धरला. पहिले कितीतरी फोटो त्यांनी नापास केले. शेवटी एक पास झाला. मला दाखवताना त्यांचा चेहरा असा उजळला होता, की फोटोकडं नीट बघायचं माझ्याकडून राहूनच गेलं.

"बघा," त्या म्हणाल्या. "ही मी. आरशात दिसते तश्शी."

तोच फोटो चौकात लागला, आणि गाव कोड्यात पडलं.

आमच्या गावात बाईला नाव असतं, पण ते मतदारयादीत. वहिनींना सगळे गिरणीकाकू म्हणत. त्यांच्यापेक्षा वीस वर्षांनी मोठ्या गंगव्वा आजीही काकूच म्हणत. मगदुमांची घरं तर गल्लीबोळात पसरलेली. त्यातली मालन कोण, हे निम्म्या गावाला ठाऊक नव्हतं. ज्या निम्म्याला ठाऊक होतं त्यांनी फ्लेक्स बघितला आणि त्यांचीही खात्री ढळली. आमच्याकडं तोंडी सांगितलेल्यापेक्षा छापलेल्यावर विश्वास जास्त. ह्याच विश्वासावर माझी नोकरी टिकली होती, त्यामुळं मी त्याबद्दल वाईट बोलणार नाही.

दुसऱ्या दिवशी मी गिरणीत बसलो असताना दळणाच्या रांगेतून एकीनं विचारलं,

"काकू, औंदा मत कुणाला द्यायचं गं?"

"मला द्या की."

रांग खदखदून हसली.

"अगं हसताय काय? खरंच उभी आहे मी."

"आमची काकू म्हंजे!" दुसरी डोळे पुसत म्हणाली. "तू हुभी असतीस तर डोळं झाकून दिलं असतं बघ. पर ती कोण मालन का फालन, तिला कशापायी द्यायचं?"

वहिनींनी भिंतीवरचं प्रचाराचं पत्रक काढलं आणि स्वतःच्या चेहऱ्याशेजारी धरलं. भुवयांवर पीठ, पापण्यांवर पीठ, कपाळाचं कुंकू पिठाखाली. बायकांनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं. शेवटी रांगेतल्या सगळ्यांत भल्या बाईनं, काकूंना बरं वाटावं म्हणून, "नाकाचा शेंडा जरा सारका वाटतोय," असं म्हटलं.

आणि त्याहून मोठी भानगड मला संध्याकाळी कळली. फ्लेक्सवरच्या बाईचा पदर उजव्या खांद्यावर होता. नथही उजव्या नाकपुडीत. गावातल्या एकाही पुरुषाच्या हे ध्यानात आलं नव्हतं. बायकांपैकी झाडून सगळ्यांच्या आलं होतं. आमच्या गावात उजव्या खांद्यावर पदर घेणारी एकच, कापडदुकानाच्या शेठजींची आई. त्यामुळं मगदुमांनी लांबून कुठूनतरी, बहुधा शेठजींच्या नात्यातली, उमेदवार आणली आहे, असं चुलीचुलीपाशी ठरून गेलं होतं.

सर्जेरावांना उमेदवार कोण ते पक्कं माहीत होतं. पण आयतं हातात आलेलं सोडतील तर ते सर्जेराव कसले! त्यांनी मारुतीच्या पाराजवळ सभा घेतली. "मंडळी," ते म्हणाले, "मी कुणाचं नाव घेत नाही. फक्त एवढंच विचारतो. चौकात जी बाई लावलीय, तिला आपल्या गावात, आपल्या डोळ्यांनी कुणी बघितलंय का? बघितलं असंल त्यानं हात वर करावा."

एकही हात वर गेला नाही. मी मागच्या रांगेत होतो, माझ्या शेजारी आण्णा. मी त्याला कोपरानं ढोसलं.

"अरे, हात वर कर की! बायको आहे तुझी."

आण्णानं चौकाच्या दिशेनं एकदा बघून घेतलं. "सुकुमार," तो हळूच म्हणाला, "भर सभेत खोटं कसं बोलायचं?"

त्या रात्री त्यांच्या घरी काय झालं मला माहीत नाही. सकाळी वहिनींनी गिरणीला कुलूप लावलं आणि आम्ही तिघं तालुक्याला रेश्मा मुल्लांच्या दुकानात गेलो. फ्लेक्स त्यांनीच छापला होता. रेश्माताई चटपटीत, बोलायला मोकळ्या. त्यांनी वहिनींना खुर्चीत बसवलं, कॉम्प्युटरवर फोटो उघडला, एकदा फोटोकडं आणि एकदा वहिनींकडं बघितलं, आणि कपाळावर हात मारला.

"काकी, हा तर उलटा आहे! तुमच्या फोनात स्वतःचा फोटो काढला की आरशासारखा उतरतो. डावं ते उजवं. तुम्ही मला आधी भेटल्या असत्या तर मी तेव्हाच सरळ केला असता. मला वाटलं, तुमच्याकडं तसाच पदर असंल."

त्यांनी एक बटण दाबलं. पदर डाव्या खांद्यावर आला, नथ जागेवर गेली. मी आणि आण्णा एकदमच "हां!" म्हणालो. आता थोड्या थोड्या आमच्या वहिनी दिसायला लागल्या होत्या.

वहिनी मात्र खुर्चीतून उठल्या.

"ही कोण?"

"तुम्हीच की, काकी."

"माझं नाक वाकडंय का असं? आणि हा डोळा बारीक कशानं झाला? कॉम्प्युटरनं काहीतरी केलंय."

"कॉम्प्युटरनं काही नाही केलं," आण्णा म्हणाला. तो सभेत बोलत नाही, पण एकदा सत्य बोलायचं ठरवलं की थांबतही नाही. "नाक असंच आहे तुझं. डावीकडं झुकलेलं. लग्न झाल्यापासून बघतोय मी."

"लग्न झाल्यापासून बघताय, आणि मला आज सांगताय?"

"मला वाटलं, तुला माहीत असंल."

रेश्माताईंनी पटकन चहा सांगितला.

चहा येईपर्यंत मी धाडस केलं. गिरणीत बसलो असताना मी गुपचूप एक फोटो काढला होता. तो रेश्माताईंच्या कॉम्प्युटरवर घातला. गिरणी सुरू असली की कानाशी ओरडलेलंही ऐकू येत नाही. समोरच्याच्या ओठांकडं बघून बोलणं समजून घ्यावं लागतं. फोटोत वहिनी तशाच उभ्या होत्या. मान एका बाजूला कलती, एक भुवई वर, तोंड किंचित उघडं, पापण्यांवर पीठ. नजर फोटोच्या कडेला कुणाकडंतरी लागलेली. कडेला फक्त एक सुरकुतलेला हात दिसत होता, काहीतरी सांगताना उचललेला.

"हा!" रेश्माताई म्हणाल्या. "हा लावा. काय फोटो आलाय!"

वहिनींनी बघितलं न बघितलं केलं.

"काढा तो. मान मोडल्यासारखी दिसतीय. तोंड उघडं टाकलंय. पांढऱ्या मिशा आल्यात."

"वहिनी, गाव तुम्हाला असंच ओळखतं," मी म्हणालो.

त्या परत खुर्चीत बसल्या. माझ्याकडं न बघता बोलायला लागल्या.

"भाऊजी, गाव मला ओळखतं हे मला माहितीय. लग्न होऊन आले तेव्हा बाबगोंडाची बायको म्हणून ओळखत होतं. मग महावीरची आई म्हणून. मग गिरणीकाकू. मालन म्हणून कुणी ओळखलं नाही. म्हणून म्हटलं, एकदा, एकदाच मला मी जशी दिसते तशी चौकात लावावी. आणि पिठात बुडालेली बाई सरपंच होती का कुठं? तिला लोक दळण देतील. मत कशाला देतील? पडले तर पडले. पण पडायचं असलं तर मालन म्हणून पडीन."

पुढाऱ्यांच्या भाषणांना चिमटे काढून मी पोट भरलेलं. पण हे भाषण नव्हतं, आणि त्यात चिमटा काढायला कुठं जागाही नव्हती. मी चहा प्यायलो. आण्णानं बायकोकडं जरा वेळ बघितलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मला मालन माहितीय." वहिनींच्या ओठाचा कोपरा हलला, पण फोटोचं काही त्यांनी मान्य केलं नाही. आम्ही तसेच परत आलो. मतदानाला आठवडा उरला होता.

संध्याकाळी गावातली वीज गेली. गिरणी बंद, त्यामुळं दळणाला आलेल्या बाया पायरीवर बसून राहिलेल्या. वहिनी आत जात्याशी उगीच काहीतरी झाडत होत्या. मी बाकावर बसून फोनमधला तो फोटो परत बघत होतो. गंगव्वा आजी डबा घेऊन आल्या, माझ्याशेजारी टेकल्या आणि निःसंकोच माझ्या फोनात डोकावल्या.

"आगं बया! काकू!"

"ओळखलंत?" मी विचारलं.

"वळखायचं काय त्यात? आमची काकू न्हवं ही? आन् हे माजंच ऐकायलीय."

"तुमचं कशावरून?"

"हात बघ की त्यो. माजा हात मला वळखंना व्हय? हे कवाचं काढलंस?" आजींनी फोन हातात घेतला आणि पायरीवरच्या बायांकडं वळवला. "ह्येच, अशीच बघत हुती त्या दिशी बी. माज्या डोळ्यात सारं धुकं धुकं झालं हुतं तवा. ल्योकाला सांगितलं, त्यो व्हय व्हय म्हणला. सुनंला सांगितलं, ती बी व्हय व्हय म्हणली. हितं येऊन काकूला सांगितलं. मोटर सुरू, माजा आवाज मलाच येत न्हवता. काकू काय बोलली न्हाई. अशी मान केली, माज्या तोंडाकडं बघत ऱ्हायली, सगळं सरंपतोर. आन् दुसऱ्या दिशी गिरणी बंद ठिवून मला गाडीत घालून मिरजंला घिऊन गेली. डोळं करून आणलं."

आत झाडण्याचा आवाज थांबला होता.

"आता लांबचं बी सपष्ट दिसतंय मला," आजी म्हणाल्या. "म्हणून तर सांगते, ती चौकातली बाई काकू न्हाई. तिचं त्वांड बघा. ती कुणाचं ऐकतीया? कुणाचंच न्हाई. आपल्याआपल्यातच हाय ती."

वहिनी दारात आल्या. हातात केरसुणी तशीच.

"द्या बघू तो."

त्यांनी फोन घेतला. दुकानात मिटल्या डोळ्यांनी बघितल्यासारखं बघितलं होतं. आता दोन बोटांनी मोठा करून करून बघितला. आधी नाक. मग तो बारीक डोळा. मग बराच वेळ मान.

"आजी," त्यांनी विचारलं, "मी ऐकताना अशी दिसते?"

"आशीच की."

"रोज?"

"रोज. सगळ्यास्नी ठावं हाय. न्हाईतर आमच्या आळीलाच दुसरी गिरणी झालीया की, जवळ पडती. आमी कशाला येतोय हितं? घरात दळण नसलं तरी मी मूठभर ज्वारी घिऊन येते कवाकवा."

पायरीवरच्या बाया हसल्या, पण मान हलवतच हसल्या. त्यांतली एक म्हणाली, "म्या बी येते." दुसरीनं पदर नीट केला. वहिनींनी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात वीज आली, मोटर घरघरली, आणि पुढचं काही कुणाला ऐकू गेलं नाही. त्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि आजींचा डबा उचलला.

पहाटे त्या माझ्या दारात उभ्या. रात्रभर झोपल्या नव्हत्या हे दिसत होतं, आणि तरीही ताज्या दिसत होत्या.

"भाऊजी, कागद घ्या. रेश्माताईंना सांगायचं. डावीकडं माझा फोटो. मी काढलेला, तोच, आरशातला. सरळ करायचा नाही."

"वहिनी, अहो, पदर—"

"असू दे उजव्या खांद्यावर. मला तशीच दिसते मी. त्याच्याखाली लिहा, 'ही मला दिसते ती मालन.' आणि उजवीकडं तुमचा फोटो. पीठबीठ काही पुसायचं नाही. त्याच्याखाली, 'ही तुम्हाला दिसते ती गिरणीकाकू.'"

मी लिहून घेतलं. "आणि सगळ्यात खाली?"

वहिनींनी जरा विचार केला.

"'दोघींना मिळून एकच मत द्या.'"

मी पेन खाली ठेवलं. आयुष्यभर वाक्यं विकली, त्यांतली काही लोकांनी कात्रणं करून ठेवली म्हणे. पण असं एकही वाक्य माझ्या हातून उतरलेलं मला आठवत नव्हतं. तसं मी त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "लवकर जा, मग दुकानात गर्दी होते."

नवा फ्लेक्स लागला आणि चौकातून जाणारी प्रत्येक बाई थांबायला लागली. डावीकडं बघायची, उजवीकडं बघायची, परत डावीकडं बघायची. मग हसायची, आणि घरी जाऊन नवऱ्याला घेऊन यायची. दुपारच्या वेळी आळीतल्या दोघीतिघी पाराच्या सावलीत एकमेकींना समोर उभं करून "मी तुला कशी दिसते गं? खरं सांग," असं विचारताना मी स्वतः ऐकल्या. एकदा उन्हाचं, चौकात कुणी नाही असं बघून, विजयमालाबाई येऊन गेल्या. आधी आमच्या फ्लेक्ससमोर उभ्या राहिल्या, मग पलीकडं जाऊन कोपऱ्यातल्या स्वतःच्या चौकटीपाशी वाकल्या. बराच वेळ वाकून होत्या. पानाच्या टपरीमागून मला त्यांचा चेहरा दिसला नाही, आणि दिसला असता तरी मी इथं लिहिला नसता.

सर्जेरावांनी शेवटचा उपाय म्हणून तक्रार केली, की एका जागेसाठी फ्लेक्सवर दोन बायका दाखवून मतदारांची दिशाभूल चालली आहे. निवडणुकीचे साहेब पाहणीला आले. गावाशी त्यांची ओळख ना पाळख. त्यांनी फ्लेक्स निरखून बघितला आणि म्हणाले, "दोन कुठं आहेत? एकच तर बाई आहे." हे वाक्य संध्याकाळच्या आत गावभर झालं. सर्जेरावांनी पुढं तक्रार चालवली नाही.

वहिनी निवडून आल्या. किती मतांनी ते सांगत नाही, कारण सर्जेराव हल्ली सकाळी माझ्याबरोबर फिरायला येतात आणि त्यांना अजून ते लागतं.

पहिल्या दिवशी ग्रामपंचायतीच्या कचेरीत ही गर्दी. वहिनी सरपंचाच्या खुर्चीत. सकाळचं दळण उरकून आल्या होत्या, केसांच्या कडेला पीठ तसंच होतं. नथ घातली होती, डाव्या बाजूला. आण्णा दाराशी उभा राहून येईल त्याला "मालन आत बसलीय" असं सांगत होता. त्याच्या तोंडी ते नाव मी बाहेरच्यांसमोर पहिल्यांदाच इतक्यांदा ऐकलं. लोकांनी प्रचारप्रमुख म्हणून मला शाल घातली, नारळ दिला आणि चार शब्द बोलायला टेबलासमोर उभं केलं.

मी तयारी केली नव्हती, पण माझा ऊर भरून आला होता. मी म्हणालो, की मी मोठमोठी माणसं जवळून पाहिली. मंत्री पाहिले, महामंडळांचे अध्यक्ष पाहिले. त्यांना सगळ्यांना आपण कसे दिसतो हे पाठ होतं. पण स्वतःचा आवडता चेहरा आणि लोकांच्या ओळखीचा चेहरा, दोन्ही शेजारी शेजारी लावून "निवडा" म्हणण्याची छाती मी ह्या एका बाईजवळ पाहिली. मी बोलत गेलो. आणि बोलता बोलता माझ्या लक्षात आलं, की वहिनींची मान हळूहळू कलती झाली आहे. एक भुवई वर गेली आहे. ओठ किंचित उघडले आहेत. तोच चेहरा! इतकी वर्षं मी त्यांचा दीर, पण त्या चेहऱ्यानं माझं असं कधी ऐकलं नव्हतं. मी दोन्ही हात टेबलावर टेकले, जरा पुढं झुकलो, आणि सगळ्यांत महत्त्वाचं वाक्य सुरू केलं.

वहिनींची मान आणखी कलली.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "जरा बाजूला सरका की. तुमच्या मागं कोण थांबलंय, दिसंना मला."